एसजीए बाळाची फाइल सारखी परत येते? कोडबुक नंतर उघडा, आधी वजनकाटा बघा

मी नाशिकमध्ये रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते. नवजात बाळांच्या फाइली, त्यांचे कोड (म्हणजे निदानाला आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय यादीतून लावायचे क्रमांक) आणि विम्याच्या क्वेऱ्या हे माझं रोजचं काम. गर्भवयाच्या मानाने लहान बाळ, म्हणजे आपण ज्याला एसजीए म्हणतो, त्याच्या फाइलीत तोच तो घोळ मी इतक्या वेळा निस्तरलाय की आता कागद हातात घेतल्यावर कुठे बघायचं ते डोळ्यांना पाठ झालंय. ते इथे लिहून ठेवते. छोट्या नर्सिंग होममध्ये एकटीने सगळं सांभाळणाऱ्या मैत्रिणींना आणि नव्याने कोडिंग शिकणाऱ्या मुलामुलींना उपयोग होईल.

लक्षणं

यातलं एखादं जरी वारंवार दिसत असेल तर पुढे वाचा.

- टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडून, क्वेरी येते की निदान आणि जन्मवजन जुळत नाही, खुलासा द्या.
- डिस्चार्ज कार्डावर ‘एलबीडब्ल्यू’ (कमी जन्मवजन), राउंडच्या नोंदीत ‘आययूजीआर’ (पोटात वाढ खुंटणं) आणि एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात अतिदक्षता कक्षाच्या, भरतीच्या कागदावर ‘एसजीए’. बाळ एकच, नावं तीन.
- लेबर रूमच्या रजिस्टरात २.१ किलो, बाळाच्या फाइलीत १.९८.
- एका कागदावर ३६ आठवडे, दुसऱ्यावर ३७, तिसऱ्यावर नुसतं ‘फुल टर्म’.
- कोडच्या रकान्यात दर वेळी पी०५.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’.
- बाळाच्या फाइलीत आईचा ओ३६.५ येऊन बसलेला.
- पी०५ (गर्भाची मंद वाढ) आणि पी०७.१ (कमी जन्मवजन) शेजारी शेजारी लावले म्हणून ऑडिटमधून फाइल परत.

(कोडमधलं अक्षर फॉर्मवर रोमन लिपीतच लिहायचं, हे सांगायला नकोच.)

अशा वेळी बहुतेक जण कोड बदलतात आणि फाइल पुन्हा पाठवतात. एखाद्या वेळी निभावतंही. पण पुढच्या महिन्यात तेच दुखणं पुन्हा उभं राहतं, कारण चूक कोडात नसतेच. जन्मवजन, पूर्ण आठवडे, लांबी आणि डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं निदान या चार गोष्टी एका पानावर, एकमेकींना धरून नसतात, म्हणून कोड डळमळतो. त्यामुळे खालची तपासणी याच क्रमाने करा. सुरुवातीच्या गोष्टींना पैसा लागत नाही आणि वेळही फारसा जात नाही.

१. फाइल बाळाचीच आहे ना?

एक मिनिटाचं काम. ‘ओ’ने सुरू होणारे कोड आईचे, ‘पी’ने सुरू होणारे बाळाचे. गर्भाची वाढ कमी आहे म्हणून आईवर लक्ष ठेवलं, तर ओ३६.५ आईच्या फाइलीत जातो. बाळ जन्मल्यावर त्याची स्वतंत्र फाइल, तिच्यात पी०५. प्रसूतीतज्ज्ञांच्या नोंदी जशाच्या तशा बाळाच्या फाइलीत उतरवल्या की हा घोळ होतो.

जुळी असतील तर ‘पहिलं बाळ’, ‘दुसरं बाळ’ आणि जन्माची वेळ हे हातातल्या पट्टीशी ताडून बघा. जुळ्यांची वजनं एकमेकांच्या फाइलीत गेलेली मी पाहिली आहेत आणि ते डिस्चार्जनंतर लक्षात आलं तर निस्तरणं फार अवघड जातं.

२. वजन: कोणतं, कधी, कोणत्या काट्यावर?

कोडिंगसाठी जन्मवजन म्हणजे जन्मानंतर घेतलेलं पहिलं वजन, शक्यतो पहिल्या तासातलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं वजन जन्मवजन म्हणून चालत नाही, कारण पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच.

पेठ-सुरगाण्याकडून नाशिकला पाठवलेल्या बाळांच्या बाबतीत ही चूक हमखास होते. समजा, बाळ तिकडे १८२० ग्रॅमचं जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी इथे भरती करताना १७१० भरलं. भरतीच्या कागदावर ‘वजन १७१०’ आणि तेच पुढे सगळीकडे. ज्यांना आयसीडी-१० च्या अमेरिकी आवृत्तीने कोड लावावा लागतो त्यांच्यासाठी हा फरक थेट कोड बदलतो. १७५० ते १९९९ ग्रॅमसाठी पी०५.१७ आणि १५०० ते १७४९ साठी पी०५.१६. म्हणून रेफरल चिठ्ठीवरचं किंवा माता-बाल संरक्षण कार्डावरचं वजन आधी शोधा. चिठ्ठीवर नसेल तर पाठवणाऱ्या दवाखान्याला फोन करा आणि कोणाशी, किती वाजता बोललात ते लिहून ठेवा.

आता काट्याबद्दल. एका ठिकाणी मी रजिस्टरचं पान उघडलं आणि रकान्यात खालून वर नजर फिरवली: २.५, २.५, २.६, २.५, २.४, २.५. इतकी बाळं नेमक्या अडीच किलोची जन्मत नाहीत. लेबर रूममध्ये जाऊन बघितलं तर काटा बरोबर पंख्याखाली, आकडा थरथरतोय आणि सिस्टर जवळचा गोल आकडा टिपतायत. वर बाळ दुपट्यासकट ठेवलेलं. दोन किलोचं प्रमाणित वजन त्याच दुपट्यावर ठेवलं, काट्याने २.१२ दाखवलं. दुपट्याचे १२० ग्रॅम कोणीच वजा करत नव्हतं. बाळ २.३८ चं असलं तरी कागदावर अडीच किलोचं होत होतं आणि कमी वजनाच्या यादीतून निसटत होतं. कमी वजनाच्या बाळाच्या रक्तातली साखर उतरण्याची भीती असते. यादीतच नसलेल्या अशा बाळाची साखर कोण तपासणार? फाइल परत येणं हा इथला सर्वात लहान तोटा आहे.

उपाय साधा आहे. काटा सपाट, वारा नसलेल्या जागी ठेवा. दुपटं आधी ठेवून आकडा शून्यावर आणा, मग उघडं बाळ ठेवा. आकडा स्थिरावू द्या आणि जेवढा दिसतो तेवढाच ग्रॅममध्ये लिहा. ‘२.४’ नको, ‘२३८०’ लिहा. प्रमाणित वजनाने आठवड्यातून एकदा काटा तपासा आणि शेजारच्या वहीत तारीख घाला. त्यातही फरक येत असेल तर काट्याचे स्क्रू स्वतः फिरवू नका, कंपनीचा तंत्रज्ञ बोलवा.

३. आठवडे

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते, आणि तुम्हीही घालवा.

आधी सोपी चूक. आठवडे नेहमी पूर्ण झालेले मोजायचे. ३६ आठवडे ६ दिवस म्हणजे ३६, सदतीस नाही. मुदतपूर्व आणि पूर्ण मुदतीची रेघ ३७ पूर्ण आठवड्यांवर, म्हणजे २५९ दिवसांवर आहे. एका दिवसाने गट बदलतो, मग पुढे सगळंच बदलतं. म्हणून ‘३६+६’ असंच लिहा, दिवस गाळू नका.

आता अवघड भाग. पाळीची तारीख. निफाड-दिंडोरीकडची बाई तारीख सांगत नाही. ती सांगते, ‘द्राक्षांची एप्रिल छाटणी उरकली, त्याच्यानंतर पाळी आलीच नाही बघा ताई.’ सुरगाण्याकडची होळीवरून सांगते. हे उत्तर चुकीचं नाही, उलट नीट विचारलं तर त्यातून आठवड्या-दोन आठवड्यांपर्यंत येता येतं. पण फाइलीत थेट एक तारीख ठोकून दिली तर तो अंदाज वाटत नाही, पुरावा वाटतो. म्हणून ‘पाळीची तारीख अंदाजे’ असं स्पष्ट लिहायला सांगा.

मग बघायची ती पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. त्या वेळी गर्भाच्या डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतच्या लांबीवरून काढलेलं वय सर्वात भरवशाचं. आईच्या पिशवीत तो कागद बऱ्याचदा असतो, घडी घालून, राशन कार्डाच्या आत. मागा, म्हणजे सापडतो.

आणि इथेच तो खड्डा आहे ज्यात भलेभले पडतात. लवकरची सोनोग्राफी नसेल तर आठव्या महिन्यातली सोनोग्राफी घेऊन तिच्यावरचे आठवडे लिहिले जातात. पण त्या वेळी मशीन वय काढतं ते गर्भाच्या आकारावरून. बाळ आधीच वाढीत मागे असेल तर मशीन म्हणणार, हे कमी आठवड्यांचं आहे. मग तेच कमी आठवडे धरून तुम्ही वजन वाढीच्या तक्त्यावर मांडलं, की बाळ वजनाने ‘योग्य’ दिसतं. म्हणजे ज्या बाळाला एसजीए म्हणून ओळखायचं, त्याचं लहान असणंच त्याला लपवतं. उशिराच्या सोनोग्राफीने लवकरच्या सोनोग्राफीची तारीख कधीही खोडायची नाही.

काहीच कागद नसेल तर बालरोगतज्ज्ञ न्यू बॅलार्ड स्कोअर करतात, म्हणजे बाळ तपासून त्याच्या गर्भवयाचा अंदाज काढतात. त्यातही साधारण दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकतात, आणि वाढ खुंटलेल्या बाळाची त्वचा, तळव्यांच्या रेघा, छातीची गाठ ही बाहेरची लक्षणं फसवू शकतात. शेवटी कोणता आकडा धरायचा हे डॉक्टर ठरवतील. तुमचं काम एवढंच, की ठरलेला आकडा एकच असावा, तो कशावरून घेतला ते लिहिलेलं असावं, आणि तोच सगळ्या पानांवर असावा. जन्मनोंदणीच्या फॉर्मवरही गर्भारपणाचे आठवडे आणि जन्मवजन विचारतात, आणि तो २१ दिवसांत जातो. तिथे वेगळा आकडा गेला की नंतर दोन सरकारी-खासगी कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात.

४. तक्ता कोणता?

एसजीए म्हणजे त्याच आठवड्यांच्या, त्याच लिंगाच्या बाळांमध्ये वजन दहाव्या सेंटाइलच्या खाली, म्हणजे शंभरातल्या सर्वात हलक्या दहांत. ‘त्याच आठवड्यांच्या’ हे शब्द विसरले की एलबीडब्ल्यू आणि एसजीए एकच वाटायला लागतात. एलबीडब्ल्यू म्हणजे २५०० ग्रॅमपेक्षा कमी, आठवडे कितीही असोत. तीन मुलगे बघा:

३६ आठवडे, २४०० ग्रॅम. वजन कमी, जन्म मुदतीआधी, पण आठवड्यांच्या मानाने योग्य. हा एसजीए नाही.
४० आठवडे, २४०० ग्रॅम. वजन कमी आणि एसजीएसुद्धा.
४० आठवडे, २६०० ग्रॅम. एलबीडब्ल्यू नाही, तरी एसजीए आहे.

तिसऱ्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. अडीच किलोच्या वर आहे ना, मग ठीक, असं म्हणून कार्डावर काहीच लिहिलं जात नाही.

तक्त्याचं नाव फाइलीत लिहायला सांगा. मुदतपूर्व बाळांसाठी आपल्याकडे फेंटन तक्ता बराच वापरतात. दुसरा इंटरग्रोथ-२१. त्याची नवजात मानकं २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ज्या आठ देशांतल्या शहरांत मोजमापं घेतली त्यात आपलं नागपूरही होतं. दोन तक्त्यांवर दहाव्या सेंटाइलची रेघ अगदी एका जागी नसते, त्यामुळे काठावरचं बाळ एका तक्त्यावर एसजीए आणि दुसऱ्यावर योग्य ठरू शकतं. विभागाने एक तक्ता ठरवावा. मुलाचा आणि मुलीचा तक्ता वेगळा असतो, हेही घाईत राहून जातं.

५. लांबी, जिच्याशिवाय कोड अर्धाच

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये पी०५.० आणि पी०५.१ हे दोन वेगळे कोड का आहेत, हे मला पहिली काही वर्षं कोणी सांगितलंच नाही. वजन दहाव्या सेंटाइलच्या खाली पण लांबी वर असेल तर पी०५.०, म्हणजे आठवड्यांच्या मानाने हलकं. वजन आणि लांबी दोन्ही खाली असतील तर पी०५.१, म्हणजे लहान. मघाचं ४० आठवड्यांचं २६०० ग्रॅमचं बाळ ५० सेंटिमीटर असेल तर ते हलकं. तेच ४५ सेंटिमीटर असेल तर लहान. आता फाइलीत लांबीच लिहिलेली नसेल तर कोडर काय करणार? नाइलाजाने पी०५.९ लावणार, आणि लक्षणांच्या यादीतला तो ‘अनिर्दिष्ट’ आला कुठून ते आता तुम्हाला कळलं असेल.

लांबी पलंगावर टेप धरून मोजू नका, एक-दोन सेंटिमीटर सहज चुकतात. इन्फंटोमीटर (बाळाची लांबी मोजायची सरकत्या फळीची पट्टी) वापरा आणि दोघींनी मोजा. एकीने डोकं स्थिर फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच सरळ करून सरकती फळी तळव्यांना लावायची. डोक्याचा घेर त्याच वेळी घ्या. वजन, लांबी आणि घेर तिन्ही कमी आहेत की फक्त वजन मागे पडलंय, यावरून डॉक्टरांना कारणाचा माग काढता येतो.

पी०५.२ कधी? बाळ हलकंही नाही, लहानही नाही, पण कातडी कोरडी, सोलवटलेली आणि अंगावर चरबी नाही, असं गर्भकुपोषण डॉक्टरांनी लिहिलं असेल तेव्हाच.

६. डॉक्टरांचं वाक्य

आययूजीआर ही पोटातली घडामोड: वाढीचा वेग मंदावला, लागोपाठच्या सोनोग्राफींमध्ये दिसला. एसजीए हे जन्माच्या वेळचं माप. आईवडीलच लहान चणीचे असले तर बाळ एसजीए असूनही निरोगी असू शकतं. आणि वाढ खुंटलेलं बाळ दहाव्या सेंटाइलच्या वर राहू शकतं. म्हणून एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालू नका.

कोडरने स्वतः तक्त्यावर ठिपका मांडून निदान लिहायचं नाही. तुम्हाला विसंगती दिसली तर डॉक्टरांना विचारा, आणि प्रश्न मोकळा ठेवा: ‘डॉक्टर, आठवडे ४०, वजन २४१०, लांबी ४५ अशी नोंद आहे. वाढीबाबत तुमचं निदान काय ते लिहाल का?’ ‘क्लेम पास व्हायचाय, एसजीए लिहा’ असं कधीही म्हणू नका.

मला हवं असलेलं वाक्य असं असतं: ४०+१ आठवडे, पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीनुसार, मुलगा, जन्मवजन २४१० ग्रॅम, लांबी ४५ सेंमी, डोक्याचा घेर ३२ सेंमी, इंटरग्रोथ तक्त्यावर वजन व लांबी दहाव्या सेंटाइलखाली, गर्भवयाच्या मानाने लहान. एवढं असेल तर क्वेरीला जागाच राहत नाही.

साखर कमी झाली, अंग थंड पडलं, रक्त दाट निघालं, तर त्यांची निदानं वेगळी लिहून घ्या. पी७०.४, पी८०, पी६१.१ हे कोड सिस्टरच्या चार्टवरच्या आकड्यावरून लागत नाहीत, डॉक्टरांच्या निदानावरून लागतात.

७. आता कोडबुक

कोणती आवृत्ती मागितली आहे ते आधी बघा. आपल्याकडच्या विमा फॉर्मवर आयसीडी-१० चा रकाना असतो. अमेरिकी कामासाठी आयसीडी-१०-सीएम लागते, तिच्यात पी०५.० आणि पी०५.१ ला वजनगटाचा आणखी एक अंक जोडावा लागतो. २००० ते २४९९ ग्रॅमसाठी पी०५.०८ किंवा पी०५.१८, आणि २५०० किंवा जास्त असेल तर पी०५.०९ किंवा पी०५.१९.

कमी वजन हे मंद वाढीमुळे असेल तर ते पी०५ मध्येच येतं, त्याच वजनासाठी पी०७.० किंवा पी०७.१ पुन्हा लावायचा नाही. पुस्तकात तसं स्पष्ट वगळलेलं आहे. मघाच्या ३६ आठवड्यांच्या २४०० ग्रॅमच्या बाळाला मात्र पी०७.१ बरोबर, सीएममध्ये पी०७.१८ आणि आठवड्यांसाठी पी०७.३९. बाळ मुदतपूर्वही आहे आणि एसजीएही, तर आठवड्यांचा कोड सोबत लावायचा की नाही याच्या सूचना आवृत्तीगणिक बदललेल्या आहेत. ज्या वर्षाची फाइल, त्या वर्षाचं मार्गदर्शक पुस्तक उघडा. मुदतपूर्व असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर तो कोड लावूच नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

दोन कागदांवरच्या वजनात किंवा आठवड्यांत फरक आहे आणि मूळ नोंद सापडत नाही: थांबा. बालरोगतज्ज्ञांकडे जा. आकडा खोडून वर दुसरा लिहायचा नाही. दुरुस्ती करायचीच तर एक रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख, वेळ, आणि तीही ज्यांची नोंद त्यांनीच करायची.

कोणी वजनगट बदलून द्या म्हणालं: नाही म्हणा आणि रेकॉर्ड विभागप्रमुखांना लेखी कळवा. ती फसवणूक आहे.

जुळ्यांच्या वजनात मोठी तफावत, जन्मजात व्यंगाची शंका, किंवा बाळ दगावलेलं आहे: या फाइली एकटीने कोड करू नका. डॉक्टर आणि अनुभवी प्रमाणित कोडर दोघांसोबत बसा.

त्याच मुद्द्यावर क्वेरी तिसऱ्यांदा आली: चौथं उत्तर पाठवू नका. बाहेरच्या प्रमाणित कोडरला पूर्ण फाइल दाखवा.

आणि बाळ अजून वॉर्डात असताना तुम्ही कागद जुळवत असाल तर. एकदा राहिलेली लांबी घ्यायला मी सिस्टरबरोबर इन्फंटोमीटर घेऊन गेले. अडीच किलोच्या वरचं बाळ होतं, कार्डावर काहीच शेरा नव्हता. सिस्टरने पाय सरळ करायला धरले आणि म्हणाल्या, ‘पाय गार आहेत गं.’ आई म्हणाली, सकाळपासून नीट ओढत नाहीये, झोपूनच आहे. सिस्टरने फळी बाजूला ठेवली, बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावलं, वरून पांघरूण घातलं आणि मला म्हणाल्या, डॉक्टरांना फोन लाव. साखर कमी निघाली. बाळ सावरलं. गार पाय, मलूलपणा, दूध न ओढणं यातलं काहीही दिसलं तर फाइल तिथेच सोडा आणि डॉक्टरांना बोलवा. लांबी आम्ही दुसऱ्या दिवशी घेतली.